खोकताना लघवी गळणे: पट्टीच्या दोन वाटा आणि त्यांचे धोके

खोकताना किंवा शिंकताना लघवी गळणाऱ्या स्त्रीच्या मूत्रमार्गाखाली बसवायची जाळीची पट्टी जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या तळाशी पुढे असलेल्या हाडाच्या) मागून ओटीपोटाकडे न्यायची की जांघेतून बाहेर काढायची, यावर पुढचे धोके बरेचसे ठरतात. अमेरिकेत ५९७ स्त्रियांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतरचे यश दोन्हींत जवळपास सारखेच होते, गुंतागुंत मात्र वेगळी होती. पहिल्या पद्धतीत लघवी अडकून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण २.७ टक्के होते, दुसऱ्या पद्धतीत अशी एकही रुग्ण नव्हती; उलट पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा अशा चेतासंबंधी तक्रारी पहिलीत ४ टक्के, तर दुसरीत ९.४ टक्के स्त्रियांना जाणवल्या.

पहिल्या पद्धतीत सुई मूत्राशयाला खेटून जात असल्याने तिथे छिद्र पडू शकते, परंतु शस्त्रक्रियेतच दुर्बिणीने मूत्राशय तपासले तर ते लगेच दिसते, सुई काढून पुन्हा घालता येते आणि काही दिवस कॅथेटर (लघवीची नळी) ठेवल्यावर जखम सहसा भरून येते. दुसऱ्या पद्धतीनंतर होणारे जांघेतले दुखणे बहुतेकींचे काही आठवड्यांत थांबते. ज्या थोड्या जणींचे थांबत नाही, त्यांच्या मांडीच्या स्नायूंत रुतलेली पट्टी पूर्ण काढणे फार अवघड असते, आणि मला हा धोका अधिक गंभीर वाटतो. योनीत जाळी उघडी पडण्याची शक्यता दोन्हींत असते.