घरात कोणती भाषा बोलायची? नागपूरच्या आईबाबांसाठी चार पर्यायांची तुलना

नागपुरात मूल वाढतं ते तीन भाषांच्या गलक्यात. आजी 'काऊन रडून राहिला बापा' म्हणत उचलून घेते, सोसायटीतली पोरं हिंदीत भांडतात, भाजीवाल्याशी आपणच नकळत हिंदीत सुरू होतो, आणि शाळा बहुतेक वेळा इंग्लिश मीडियमची ठरलेली असते. 1956 पर्यंत हे शहर मराठी-हिंदी अशा दुभाषी राज्याची राजधानी होतं, त्यामुळे हा शेजार आजचा नाही. मूल दोन वर्षांचं होईस्तोवर कुणाला त्याचं काही वाटतही नाही. मग शेजारचं पोट्टं वाक्यं बोलायला लागतं, आपलं अजून 'पानी' आणि 'बाबा'वरच असतं, आणि नातेवाईक निदान करून मोकळे होतात: इतक्या भाषा एकदम कानावर पडल्यावर लेकरू गोंधळणारच.

ही भीती संशोधनातूनच आली होती, हेही खरं. 1923 मध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या मुलांच्या बुद्धिचाचण्यांचे निकाल मांडले. खेड्यातली वेल्श-इंग्रजी दुभाषी मुलं त्यात मागे दिसली. पुढची कितीतरी वर्षं दोन भाषा म्हणजे डोक्यावर ओझं, हे शिक्षकांनी आणि डॉक्टरांनी धरून ठेवलं. 1962 मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी मॉन्ट्रियलमधली दहा वर्षांची मुलं घेतली, पण आधी घरची आर्थिक परिस्थिती सारखी असेल हे पाहिलं, आणि दोन्ही भाषा खरोखर येणारी मुलंच दुभाषी गटात ठेवली. निकाल उलटला, फ्रेंच-इंग्रजी मुलं पुढे निघाली. जुन्या अभ्यासांपैकी बऱ्याच ठिकाणी गरिबीचा परिणाम भाषेच्या खात्यावर लिहिला गेला होता.

दुसरी गफलत मोजणीची. बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मायामीतली स्पॅनिश-इंग्रजी बाळं अभ्यासली, 25 दुभाषी आणि तुलनेला 35 एकभाषी. एकेका भाषेतले शब्द मोजले तर दुभाषी बाळ कमी बोलतंय असं वाटू शकतं. दोन्हींतले मिळून मोजले तर ते मागे नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मूल 'पाणी', 'चिडिया' आणि 'बॉल' म्हणत असेल तर त्याच्याकडे तीन शब्द आहेत. मराठीचा एक, असं कुणी मोजत असेल तर त्याची वही चुकीची.

एवढं मान्य केलं की प्रश्न बदलतो. 'एक भाषा की दोन' हा निवडीचा मुद्दा उरत नाही. दिवसातले किती तास, कोण, कोणत्या भाषेत मुलाशी खरंखुरं बोलणार, हे ठरवायचं असतं. चारही पर्याय मी याच मापाने पाहते.

घरात फक्त इंग्रजी

मिहान-मनीषनगरकडच्या तरुण घरांत हे वाढतंय. हेतू चांगला असतो, नर्सरीच्या प्रवेशात आणि पुढे केजीत लेकरू अडखळू नये. पण अशा घरातलं इंग्रजी जरा कान देऊन ऐका. 'कम हिअर', 'डोन्ट टच', 'ईट फास्ट', 'से हॅलो टू अंकल'. हुकूम आहेत, गप्पा नाहीत. आईबाबांना थकून आल्यावर ज्या भाषेत गोष्ट सांगता येते, चिडवता येतं, 'मग काय झालं?' असं लांबवता येतं, ती भाषा बाजूला ठेवून ही निवड केली जाते. सिल्व्हिया प्लेस आणि एरिका हॉफ यांच्या 2011 च्या अभ्यासात दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांचं इंग्रजी किती वाढलं, याचा संबंध ती जन्मापासूनची भाषा असणाऱ्या माणसांकडून किती ऐकायला मिळते याच्याशी लागला. ज्यांच्या घरात इंग्रजी सहज, विनोदासकट वाहतं, त्यांनी ती जरूर बोलावी. बाकीच्यांसाठी चारांतला हा सगळ्यांत महाग पर्याय आहे, कारण आजी-आजोबा संभाषणातून बाहेर पडतात, आणि घरात मुलाशी बोलायला मोकळा वेळ सर्वांत जास्त त्यांच्याकडेच असतो.

मोबाइलवरच्या इंग्रजी बालगीतांनी ही कसर भरून निघत नाही. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कुल यांनी 2003 मध्ये अमेरिकी बाळांना नवव्या महिन्यानंतर मँडरिन ऐकवली. बारा बैठकी झाल्या. समोर माणूस बसून खेळवत होता ती बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच साहित्य पडद्यावर पाहिलेल्या बाळांना काही फायदा झाला नाही.

आई एक भाषा, बाबा दुसरी

नागपुरात अशी घरं भरपूर: मराठी आई-हिंदी बाबा, तेलुगू-मराठी, सिंधी-मराठी. एक माणूस-एक भाषा हा नियम पुस्तकात यायला शंभराहून जास्त वर्षं झाली. ज्यूल रोंझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाशी, लुईशी, फ्रेंच बोलायचं आणि त्याच्या आईने जर्मन, असं ठरवलं. 1913 मध्ये त्यावर पुस्तक आलं. तेव्हापासून हा नियम आदर्श म्हणून सांगितला जातो.

आकडे पाहिले की उत्साह थोडा ओसरतो. आनिक दे हाउवर यांनी बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या फ्लँडर्स भागातल्या सुमारे 1,900 कुटुंबांची माहिती तपासली (2007). प्रत्येक घरात निदान एक पालक डचव्यतिरिक्त भाषा बोलत होता. तरी साधारण एक चतुर्थांश घरांत मुलं ती दुसरी भाषा बोलत नव्हती. एक पालक फक्त डच आणि दुसरा फक्त घरची भाषा, अशा घरांत सुमारे तीन चतुर्थांश ठिकाणी ती टिकली. दोन्ही पालक घरची भाषा बोलत आणि डच फार तर एकच बोलत असे, तिथे हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं.

आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. मराठी ही राज्याची भाषा, डचच्या तुलनेतली स्थलांतरितांची भाषा नव्हे. तरी ज्या सोसायटीत खेळ, दुकान, ट्यूशन सगळं हिंदीत चालतं तिथे मराठीची अवस्था त्या 'घरच्या' भाषेसारखीच होते. तेलुगू किंवा सिंधीची तर नक्कीच. म्हणून माझं मत: दोघांपैकी जी भाषा बाहेर मिळत नाही तिला घरात जास्त माणसं द्या. बाबांना मोडकीतोडकी तेलुगू येत असेल तर चालेल, त्यांनी मधूनमधून तीच बोलावी, आणि सुट्टीत वरंगळची आजी महिनाभर आली तर नियमाच्या शंभर पट काम होतं.

घरात मराठी, बाकीचं बाहेरून

इंग्लिश मीडियमच्या बहुतेक मराठी घरांना मी हाच सुचवेन. दोघेही मराठी बोलतात, हिंदी गल्लीतून येते, इंग्रजी शाळेतून. दे हाउवर यांच्या निष्कर्षाशी हे जुळतं, आणि माणसाला जे येतं तेच तो बोलतो ही सोय आहेच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा हे माध्यम असावं असं म्हटलं आहे. शाळा ते पाळत नसली तरी घर पाळू शकतं. तोटा एकच आणि तो सांगायला हवा: नर्सरीचे पहिले काही महिने मूल वर्गात गप्प बसू शकतं. मॅडम 'घरी इंग्लिश बोला' म्हणतील. घरी नेहमीसारखं बोलतं, खेळतं असेल तर थोडं थांबा. 'मराठी' म्हणजे पुण्याची प्रमाण मराठी, असंही नाही. आजीची 'मले', 'तुले'वाली मराठी बाळासाठी पूर्ण भाषा आहे. उगाच सुधारत बसू नका.

सगळ्यांची सरमिसळ

'अरे चल ना यार, दूध पी ले, मग गार्डनला जाऊ.' नागपूरकर असंच बोलतो आणि पोरगंही तसंच शिकतं. याने भाषा बिघडते का? वाक्यात भाषा मिसळण्याच्या परिणामावर अभ्यास एका दिशेचे नाहीत. क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन यांना 2013 मध्ये दीड वर्षाच्या मुलांत किंचित लहान शब्दसंग्रहाशी संबंध दिसला. नंतरच्या काही अभ्यासांत तसा तोटा आढळला नाही. पहारा ठेवण्याइतकं त्यात काही नाही. धोका वेगळा आहे: सरमिसळीत दमदार भाषा हळूहळू सगळी जागा घेते, आणि काही वर्षांनी मराठीतून फक्त 'हो', 'नको' उरतं.

दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो म्हणून कुणी निवड करत असेल तर हात आखडता ठेवा. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ एलेन बियालिस्टॉक यांच्या कामाने तो समज पसरला, पण इतरांना तसा फायदा दरवेळी सापडलेला नाही. हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या 648 स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या अभ्यासात (2013) दुभाषींना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, हे लक्षवेधी आहे. दोन वर्षांच्या लेकराचा निर्णय मात्र त्यावर नको.

मूल खरंच उशिरा बोलत असेल तर

'आधी एकच भाषा ठेवा' हा सल्ला अजूनही मिळतो, डॉक्टरांकडूनही. त्याला आधार नाही. जोहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये कॅनडात भाषाविकासाचा विकार असलेली फ्रेंच-इंग्रजी मुलं पाहिली. तोच विकार असलेल्या एकभाषी मुलांपेक्षा त्यांच्या अडचणी जास्त नव्हत्या. एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड यांना डाउन सिंड्रोमच्या मुलांतही असंच दिसलं. उलट आईने तिची भाषा सोडली तर मुलाशी बोलणंच कमी होतं.

पण 'नागपूरची पोरं उशिराच बोलतात' म्हणून बसूनही राहू नका. वर्षाचं मूल नावाला वळून पाहत नसेल, बोट दाखवत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही सगळ्या भाषा मिळून पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी नसेल, तर भाषेला दोष न देता आधी कान तपासा. गरज पडली तर डॉक्टर बेरा चाचणी सांगतील, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का याची तपासणी. मग स्पीच थेरपिस्ट. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. तपासणीला जाताना मूल कोणत्या भाषेतले कोणते शब्द बोलतं याची यादी सोबत न्या, आजीकडचे शब्द धरून. आणि तपासणी फक्त हिंदीत होत असेल तर मराठीतही पाहायला सांगा.