मराठी लेखाचा वेबपत्ता: देवनागरी, रोमन, इंग्रजी की नुसता क्रमांक?

स्वतःच्या संकेतस्थळावर मराठी लेख प्रकाशित करताना एक लहानशी चौकट समोर येते. लेखाच्या पत्त्याचा शेवटचा भाग, ज्याला स्लग म्हणतात, तो काय ठेवायचा हे तिथे ठरते. बहुतेक जण त्या चौकटीकडे न पाहता पुढे जातात आणि सॉफ्टवेअर जे देईल ते स्वीकारतात. इंग्रजी लेखाच्या बाबतीत ते चालून जाते, कारण शीर्षकातून आपोआप तयार होणारा पत्ता बऱ्यापैकी वाचनीय असतो. मराठीत मात्र तो कधी अर्ध्यावर तुटतो, तर कधी शीर्षकाशी त्याचा काहीच संबंध उरत नाही. म्हणून निवड जाणीवपूर्वक करावी लागते. पर्याय चार आहेत: देवनागरी शब्द, त्याच शब्दांचे रोमन लिप्यंतर, इंग्रजी भाषांतर आणि नुसता क्रमांक किंवा तारीख. माझे मत आधीच सांगून ठेवतो. शोधनिकालातील स्थानाच्या दृष्टीने या चौघांत फारसा फरक नाही. पत्ता कुठे कुठे पाठवला जाणार आणि किती वर्षे टिकणार, यावरून निवड करावी, आणि त्या कसोटीवर बहुतेक मराठी लेखकांसाठी आखूड रोमन लिप्यंतर सरस ठरते.

शोधयंत्राबद्दलचे दोन टोकांचे समज आधी बाजूला ठेवायला हवेत. देवनागरी पत्ता गूगलला वाचता येत नाही, हा पहिला समज चुकीचा आहे. पत्त्यात वाचकांच्या भाषेतील शब्द वापरावेत आणि रोमनबाहेरची अक्षरे यूटीएफ-८ या संगणकीय अक्षरसंकेताच्या पद्धतीने लिहावीत, अशीच गूगलची शिफारस आहे. पत्त्यात नेमके शब्द घातले की लेख वर येतो, हा दुसरा समजही तितकाच फसवा आहे, कारण गूगलच्याच प्राथमिक मार्गदर्शिकेनुसार पत्त्यातील शब्दांचा एकट्याने होणारा परिणाम जवळजवळ नगण्य असतो. त्यांचा उपयोग मुख्यतः निकालात शीर्षकाजवळ दिसणाऱ्या मार्गापुरता, म्हणजे पत्त्याचे टप्पे दाखवणाऱ्या ओळीपुरता. जानेवारी २०२५ पासून मोबाइलवरील निकालांत तो मार्गही दाखवला जात नाही, फक्त डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे मूळ नाव, दिसते. म्हणजे शोधयंत्रस्नेही पत्ता याचा अर्थ एवढाच उरतो, की तो स्थिर असावा, एका लेखाला एकच असावा, शब्द जोडरेघेने वेगळे केलेले असावेत आणि तो पाहून आत काय आहे याचा अंदाज यावा.

देवनागरी पत्त्याचे आकर्षण मला मनापासून समजते. मराठी विकिपीडियावरील लेखांचे बहुतेक पत्ते देवनागरीत आहेत आणि ब्राउझरच्या पट्टीत 'पुणे' असे आपल्या लिपीत उमटलेले पाहणे सुखद असते. अडचण डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी, म्हणजे आतल्या साठवणीत आहे. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या मानकानुसार पत्त्यात थेट वापरता येणारी अक्षरे मोजकीच आहेत. बाकी अक्षरांच्या प्रत्येक बाइटसाठी, म्हणजे साठवणीच्या लहान एककासाठी, टक्केचिन्ह आणि दोन अंक-अक्षरे, अशी तीन चिन्हे लिहावी लागतात. देवनागरीतील प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो, त्यामुळे एका वर्णाची ९ चिन्हे होतात, आणि मात्रा, अनुस्वार व हलन्तचिन्ह हे सगळे वेगळे वर्ण म्हणून मोजले जातात. 'पुणे' हा दोन अक्षरी शब्द यंत्राच्या हिशेबी ४ वर्णांचा आणि पत्त्यात ३६ चिन्हांचा होतो.

वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये याचा फटका थेट बसतो. तिथे स्लगसाठी २०० चिन्हांची मर्यादा आहे आणि ती या सांकेतिक रूपाला लागू होते, म्हणजे देवनागरीचे जेमतेम २२ वर्ण तिच्यात मावतात. 'उपवासाची थालीपीठ भाजणी घरी कशी करावी' हे अगदी साधे शीर्षक घ्या. त्यातून आपोआप तयार होणारा स्लग 'उपवासाची-थालीपीठ-भाजणी-घ' असा मध्येच थांबतो. स्वतः लक्ष घालून 'उपवास-थालीपीठ-भाजणी' एवढेच ठेवले तरी १५५ चिन्हे होतात. हेच तीन शब्द रोमनमध्ये २४ चिन्हांत बसतात.

दुसरी अडचण पत्ता दुसऱ्याला पाठवताना येते, आणि मराठी लेखन आज ज्या वाटेने वाचकांपर्यंत पोहोचते ते पाहता मला ती सर्वांत मोठी वाटते. बहुतेक ब्राउझर पट्टीत देवनागरी दाखवतात, पण पत्ता कॉपी केला की टक्केचिन्हांची लांबलचक रांग हाती येते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात अशी चार ओळींची लिंक आली, की ती उघडावी की नाही असा संशय वाचकाला येणे स्वाभाविक आहे. उलट देवनागरी पत्ता आहे तसा टंकित करून पाठवला, तर काही सॉफ्टवेअर लिंक अर्धीच ओळखतात. याचे कारण तांत्रिक आहे: युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या संगणकीय मानकाच्या वर्गवारीत मात्रा आणि हलन्तचिन्ह 'अक्षर' या गटात नाहीत, त्यामुळे फक्त अक्षरे मोजणारा नियम पहिल्याच मात्रेवर थांबतो.

तिसरी अडचण खास मराठीची आहे. 'दऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो, एक स्वतंत्र ऱ वापरून आणि दुसरा साध्या र नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालून. 'ॲप' मधला पहिला स्वरही एकसंध वर्ण म्हणून येतो किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, पण पत्ता म्हणून ती भिन्न असतात, आणि अशा हाताने टंकित केलेल्या लिंकवर वाचकाला 'पान सापडले नाही' असा संदेश मिळतो. देवनागरीच हवी असेल, तर शीर्षक एकदोन शब्दांचे असणाऱ्या ठिकाणी ती शोभते: कोश, व्यक्तिनोंदी, गावांची माहिती. (ऑगस्ट २०१४ मध्ये आलेल्या '.भारत' या डोमेनचा प्रश्न वेगळा आहे; डोमेनच्या नावासाठी प्युनीकोड नावाची दुसरी सांकेतिक पद्धत वापरली जाते, त्यामुळे डोमेन देवनागरीत घेऊन स्लग रोमनमध्ये ठेवण्यात काहीच गैर नाही.)

रोमन लिप्यंतर या तिन्ही अडचणींतून सुटते. ते आखूड राहते, कॉपी केल्यावर बदलत नाही आणि मराठी वाचकाला वाचताही येते. त्याची खरी उणीव म्हणजे सर्वमान्य वर्णलेखनाचा अभाव. 'वारी' व्हीने लिहायची की डब्ल्यूने, 'ळ' आणि 'ल' यांतला फरक कसा दाखवायचा, 'काळ', 'कळ' आणि 'कल' एकाच रूपात आले तर काय करायचे, हे प्रश्न राहतातच. माझा सल्ला असा, की अभ्यासकांची चिन्हांकित लिप्यंतरपद्धत इथे वापरू नये. लोक मोबाइलवर रोमनमध्ये मराठी लिहितात तेच रूप घ्यावे, एकदा ठरवलेला नियम वहीत लिहून ठेवावा आणि सर्व लेखांना तोच लावावा. तीन ते पाच शब्द पुरतात, आणि सर्व अक्षरे लहान लिपीतली असावीत, कारण पत्त्यात लहान आणि मोठे अक्षर वेगळे मानले जाऊ शकते. 'कशी करावी', 'संपूर्ण माहिती' असे शब्द गाळावेत. दरवर्षी अद्ययावत होणाऱ्या लेखाच्या स्लगमध्ये वर्षाचा आकडा घालू नये, नाहीतर पुढच्या वर्षी पत्ता खोटा तरी ठरतो किंवा बदलावा तरी लागतो.

इंग्रजी भाषांतराचा पर्याय मला दोनच ठिकाणी योग्य वाटतो: संकेतस्थळ द्विभाषिक असेल तेव्हा, किंवा विषयाच्या संज्ञा मराठीतही इंग्रजीच वापरल्या जातात तेव्हा, जसे म्युच्युअल फंड किंवा इन्कम टॅक्स रिफंड. एरवी पत्ता इंग्रजी आणि मजकूर मराठी असा मेळ वाचकाची दिशाभूल करतो, आणि थालीपीठासारख्या शब्दाला इंग्रजीत काही पर्यायही नाही. नुसता क्रमांक सर्वांत टिकाऊ असतो, कारण शीर्षक कितीही बदलले तरी तो बदलत नाही. रोज अनेक बातम्या देणाऱ्याने तो जरूर घ्यावा, पण महिन्याला दोनचार लेख लिहिणाऱ्याने आतल्या विषयाची खूण विनाकारण गमावू नये.

ब्लॉगर ही गूगलची ब्लॉगसेवा वापरणाऱ्यांसमोर निवड बरीच अरुंद आहे. तिथे पत्त्यात वर्ष आणि महिना येतोच, पूर्ण देवनागरी शीर्षकातून 'ब्लॉग-पोस्ट' असा निरर्थक स्लग तयार होतो आणि स्वतः पर्मालिंक, म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता, लिहायची ठरवली तरी देवनागरी अक्षरे स्वीकारली जात नाहीत. म्हणून प्रकाशनापूर्वीच पर्मालिंकची चौकट उघडून रोमन शब्द भरणे हा तिथला एकमेव शहाणा मार्ग आहे. नंतर बदलायचे तर लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो.

जुन्या लेखांचे पत्ते मात्र केवळ शोधनिकालाच्या आशेने बदलू नयेत. मिळणारा लाभ नगण्य आणि तुटणाऱ्या लिंकांचा धोका खरा आहे. बदल अपरिहार्यच असेल, तर ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेण्याची सोय, लावावी. त्यातून इतरांच्या लिंकांमुळे शोधयंत्रात लेखाला मिळालेले वजन घटत नाही, हे गूगलकडून २०१६ मध्ये स्पष्ट करण्यात आले आहे. वर्डप्रेस लेखाचा जुना स्लग लक्षात ठेवून वाचकाला स्वतःहून नव्या पत्त्यावर नेतो, तर ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधल्या कस्टम रीडायरेक्टमध्ये ही नोंद हाताने करावी लागते. असे पुनर्निर्देशन किमान एक वर्ष चालू ठेवावे, असे गूगल सांगते. शक्य असेल तर ते कायमच राहू द्यावे, कारण लोकांच्या जुन्या संदेशांतील लिंकांना मुदत नसते. ज्या जुन्या लेखांचे देवनागरी स्लग अर्धवट तुटलेले आहेत, पण ज्यांच्याकडे बाहेरून लिंक येतात, ते तसेच ठेवावेत आणि नवा नियम पुढच्या लेखापासून लावावा.