सायकलवाल्यांसाठी विंडी: वारा बघून रस्ता ठरवायचा असेल तर

साताऱ्यात रोड बाइक चालवणाऱ्यांना चढाची सवय असते. यवतेश्वरचा घाट झाला, सज्जनगडाचा चढ झाला, पुढे ठोसेघरच्या वाटेवरचा बोरणे घाट झाला. कुठे दम लागणार आणि कुठे सुटका होणार ते पाठ असतं. वाऱ्याचं तसं नाही. सपाट रस्ता, गुळगुळीत डांबर, पाय नेहमीसारखेच जोर लावताहेत आणि वेग मात्र ताशी १८ च्या पुढे सरकत नाही. आमच्या ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या मुली चढाला कधी कंटाळल्या नाहीत. त्यांचा हिरमोड केला तो वाऱ्याने. "ताई, माझ्यात ताकदच नाही बहुतेक," असं कुणी म्हणालं की मी आधी तिच्या फोनवर विंडी उघडून देते.

हे वाऱ्याचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप आहे आणि संगणकावर त्याची वेबसाइटही चालते. इव्हो लुकाचोविच या चेक उद्योजकाने २०१४ मध्ये ते सुरू केलं. मी औषधाचं दुकान चालवते, सकाळी १० ला शटर वर जायलाच हवं. त्यामुळे राइडवरून किती वाजता परत येणार हे मला निघण्याआधी माहीत असावं लागतं. माझ्यासाठी या अ‍ॅपचं मोल तिथे आहे.

उघडल्या उघडल्या नकाशावर वाऱ्याच्या रेघा वाहताना दिसतात. त्या ज्या दिशेला सरकतात तिकडे वारा जातो आहे. पण अंशांत दिलेला आकडा वारा कुठून येतो ते सांगतो, म्हणजे २७० लिहिलं असेल तर पश्चिमेकडून. पहिल्या दिवशी एवढं डोक्यात पक्कं बसवून घ्यावं. वेग नॉटमध्ये दिसत असेल तर रंगांच्या पट्टीवर बोट लावत राहा, किलोमीटर येतात. मग आपल्या गावावर बोट ठेवलं की खाली पुढच्या दिवसांचा तक्ता उघडतो: वारा, झोत, दिशा, पाऊस, तापमान.

बहुतेक जण वाऱ्याचा आकडा बघतात आणि अ‍ॅप बंद करतात. मी आधी दिशा बघते, कारण समोरचा वारा जितका खातो तितका पाठीमागचा परत देत नाही. हिशोब सोपा आहे. बिनवाऱ्याच्या दिवशी २५ किलोमीटर जाऊन परत यायचं, वेग ताशी २५, तर दोन तास लागतात. आता वारा सुटला, जाताना वेग १८ झाला आणि येताना ३२. सरासरी २५ च असं वाटतं, पण जायला ८३ मिनिटं आणि यायला ४७, म्हणजे १३० मिनिटं लागली. वारा जिथे विरोधात आहे तिथेच आपण जास्त वेळ असतो. त्यात हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २५ ने जाताना समोरून १५ चा वारा असेल तर अंगावर ४० ची हवा येते आणि अडथळा अडीचपटीच्याही वर जातो. पाय भरून येतात ते यामुळे, त्यात त्या पोरींची काही चूक नसते.

म्हणून आमचा नियम असा की वारा समोरून घ्यायचा तो जाताना, ताज्या पायांनी. साताऱ्यापुरतं सांगायचं तर हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो, तेव्हा आम्ही कोरेगाव-रहिमतपूरच्या बाजूला निघतो आणि येताना तो पाठीवर घेतो. मे महिन्यापासून वारा पश्चिमेचा होतो. तेव्हा त्याच रस्त्याने गेलं की जाताना फार छान वाटतं, आज पाय काय चाललेत म्हणून माणूस चार किलोमीटर पुढेच जातो, आणि परतीला सगळं वसूल होतं. नव्या लोकांना हे कितीही समजावलं तरी पाठीवरचा वारा जाणवतच नाही. वाटतं, हवाच नाही आज. नकाशावर रेघा बघितल्या की पटतं.

दुसरी गोष्ट झोतांची, म्हणजे मध्येच येणाऱ्या जोराच्या झपाट्यांची. अ‍ॅपमध्ये सरासरी वारा आणि झोत यांचे थर वेगळे आहेत. वारा २० आणि झोत २५ असेल तर तो एकसारखा वाहणारा वारा, गिअर एकदोन हलके करायचे, पायांची गती तीच ठेवायची आणि निमूटपणे जायचं. वारा २० आणि झोत ४५ असेल तर तो दिवस वेगळा. अशा दिवशी मी घाट उतरत नाही, आणि उंच कडेची चाकं असलेल्यांनी तर त्या दिवशी घाटाचं नावही काढू नये असं माझं ठाम मत आहे. आडवा झोत त्या चाकाला पकडतो आणि हँडल हातातून ओढून नेतो. हे सगळ्यात जास्त जाणवतं ते शेजारून एसटी जाताना. उजवीकडून वारा येत असतो, आपण नकळत उजवीकडे कललेले असतो. एसटी बरोबरीला आली की वारा एकदम तुटतो आणि सायकल तिच्याकडे झुकते. ती पुढे गेली की अडवलेला सगळा झोत एका दणक्यात अंगावर येतो. त्या दोनतीन सेकंदांसाठी हात हँडलच्या खालच्या वळणावर, कोपर सैल, एक गुडघा सायकलच्या वरच्या नळीला टेकवलेला आणि डाव्या बाजूला हातभर डांबर शिल्लक, इतकी तयारी लागते. आजचा दिवस तसा आहे का, एवढं झोतांचा थर आधी सांगतो.

आता पठाराबद्दल, कारण आमच्याकडे सगळ्यांना शेवटी चाळकेवाडीला जायचं असतं. बोगद्यातून बाहेर पडायचं, सज्जनगडाचा फाटा मागे टाकायचा, बोरणे घाट चढायचा, ठोसेघर ओलांडायचं आणि मग पवनचक्क्या दिसू लागतात. तिथल्या वाऱ्यासाठी विंडीचा साधा तक्ता पुरेसा नाही आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अ‍ॅप स्वतः अंदाज काढत नाही, जगभरच्या संस्थांची मॉडेल्स, म्हणजे संगणकावर गणित करून काढलेले हवामानाचे अंदाज, दाखवतं. त्यातलं युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ पृथ्वीचे सुमारे ९ किलोमीटरचे चौकोन पाडतं, जर्मनीचं आयकॉन १३ चे, अमेरिकेच्या जीएफएसचे अ‍ॅपमध्ये दिसतात ते त्याहून मोठे. ९ किलोमीटरच्या एका चौकोनात आमची दरी, घाट आणि पठार सगळं येतं, आणि मॉडेल त्याची सरासरी उंची धरतं. अरुंद डोंगरधार त्यात सपाट होऊन जाते. शिवाय तक्त्यातला वारा जमिनीपासून १० मीटरवरचा असतो. खाली उसाच्या पट्ट्यात प्रत्यक्षात त्याहून कमी लागतो, ऊस उभा आहे तोवर तर नक्कीच. तोडणी झाली की तोच रस्ता उघडा पडतो. पठारावर मात्र आकड्यापेक्षा जास्त लागतो.

यावर अ‍ॅपमध्येच एक उपाय आहे आणि मला वाटतं सायकलवाले तो फारसा वापरत नाहीत. बाजूला उंचीची पट्टी आहे. तिथे जमिनीऐवजी ९०० मीटर किंवा १५०० मीटर निवडता येतं. डोंगराचा माथा वरच्या मोकळ्या हवेत घुसलेला असतो, त्यामुळे माथ्यावरच्या वाऱ्याची चाहूल जमिनीच्या थरापेक्षा या थरांत चांगली लागते. पावसाळ्यात तर हे बघायलाच हवं. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वाऱ्याचा जोरदार प्रवाह साधारण दीड किलोमीटर उंचीवर सगळ्यात वेगवान असतो. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६९ मध्ये त्याचा अभ्यास मांडला, आजही त्याला फिंडलेटर जेट म्हणतात. चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जूनजुलैत साताऱ्याच्या जमिनीवर १५ दिसत असताना १५०० मीटरवर ५० दिसलं, तर मी पठाराचा बेत रद्द करते आणि सज्जनगडाच्या पायथ्याशी, परळीपर्यंत जाऊन येते.

याच पट्टीवरून सकाळी लवकर निघण्याचं खरं कारणही कळतं. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि वरचा वारा तिच्यावरून सरकून जातो. ऊन तापलं की हवा ढवळली जाते आणि वरचा वारा खाली उतरतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आदल्या रात्री ९०० मीटरच्या थरात जोर दिसला तर समजायचं, सकाळी साडेसहाला कितीही शांत असलं तरी नऊनंतर तो खाली येणार. तेव्हा आम्ही अर्धा तास आधी निघतो. पावसाळ्यात ही सोय नाही, तेव्हा वारा रात्रभर चालू असतो.

पठारावर पोहोचल्यावर फोनपेक्षा पवनचक्क्या बघाव्यात. त्यांचं तोंड यंत्राने आपोआप वाऱ्याकडे वळतं, म्हणजे दिशा लांबूनच कळते. ठोसेघरच्या पुढे चहा देणाऱ्या एक मावशी आहेत. आम्ही थांबलो की त्या किटली ठेवता ठेवता सांगतात, "पंख्याची तोंडं कोकणाकडं हायती, आज पुढं जोर हाय बगा." मग मी आदल्या रात्रीचा स्क्रीनशॉट काढून ताडून बघते. स्क्रीनशॉट आधीच घेऊन ठेवावा, वर रेंजचा भरवसा नाही आणि रेंज नसताना अ‍ॅपचा उपयोग नाही. दिशेच्या बाबतीत मावशी आणि मॉडेल यांचं बहुतेक वेळा जमतं. जोराच्या बाबतीत मी मावशींचं ऐकते.

आता पैशांबद्दल. वर लिहिलेलं जवळपास सगळं फुकटात मिळतं. फुकटात तक्ता तीन-तीन तासांचा दिसतो, प्रीमियम घेतलं की तासातासाचा. मी घेतलं आहे, कारण दुकानामुळे सात ते दहा हीच माझी वेळ आणि तीन तासांच्या टप्प्यात वारा नेमका कधी वाढणार ते दिसत नाही. ज्यांना रविवारची सकाळ मोकळी आहे त्यांनी पैसे घालू नयेत. त्याच पैशांत अंगाला घट्ट बसणारं चांगलं विंडचीटर घ्यावं, कारण फडफडणारं जाकीट समोरच्या वाऱ्यात खरोखर मागे ओढतं.

एकच मॉडेल बघून ठरवू नका. तुलनेच्या पानावर सगळी एकाखाली एक दिसतात. ती जुळली तर निर्धास्त निघायचं. एक म्हणतंय १२ आणि दुसरं ३०, तर जवळचा रस्ता निवडायचा, जिथून कुठूनही वळून घरी येता येईल. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम २०२५ मध्ये सुरू झाली, तिचे चौकोन ६ किलोमीटरचे आहेत. आपल्या घाटांसाठी ते अंदाज अशा सोप्या नकाशावर बघायला मिळावेत ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

अ‍ॅप बघूनही वारा समोरून येणारच, तेव्हा एकामागे एक जायचं आणि पुढचा दर दोनतीन मिनिटांनी बदलायचा. आडव्या वाऱ्यात तिरकी रांग करण्याचा मोह आमच्या दुपदरी रस्त्यांवर टाळावा, तिरकी रांग अख्खी लेन खाते आणि मागून उसाचे ट्रॅक्टर येत असतात.

ग्रुपवर माझा मेसेज शनिवारी रात्री आठला जातो: दिशा, निघायची वेळ, सर्वांत मोठा झोत, रस्ता. झोत ४० च्या वर असेल तर खाली एक ओळ जास्त असते, "नव्या मंडळींनी काकांच्या चाकामागे राहायचं." काका साठीचे आहेत, अंगाने रुंद आहेत आणि वाऱ्यात पुढे राहायला कधी नाही म्हणत नाहीत.