एएनएम की जीएनएम? कोकणात नर्स व्हायचं ठरवताना

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांची आणि जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांची, फरक एवढाच, असं धरून बऱ्याच घरांत फॉर्म भरला जातो. चूक तिथेच होते. एएनएमचं शिक्षण मुख्यतः गावातल्या सरकारी आरोग्य उपकेंद्रासाठी आहे आणि जीएनएमचं रुग्णालयातल्या वॉर्डासाठी. नावात दोन्हीकडे नर्सिंग असलं तरी कामाचे तास, पगार, पुढची बढती आणि मुक्कामाचं ठिकाण सगळंच बदलतं.

आधी प्रवेशाचं. एएनएम फक्त मुलींसाठी आहे, जीएनएम मुलांनाही खुलं आहे. दोन्हीकडे बारावी लागते आणि वय 17 ते 35. शाखा कला असली तरी चालते. जीएनएमला इंग्रजी विषय आणि किमान 40 टक्के गुण हवेत, आणि शिकवणं इंग्रजीतून. पहिल्या सहा महिन्यांत मुली अडखळतात त्या इथेच. शरीररचनाशास्त्र त्यांना समजत नाही असं नसतं. मराठीत समजलेलं इंग्रजीत लिहिता येत नाही, ही अडचण असते. बीएस्सी नर्सिंग हा तिसरा पर्याय: चार वर्षं, बारावी सायन्स, जीवशास्त्रासह. प्रवेशाची पद्धत वर्षागणिक बदलत आली आहे, म्हणून शेजारच्या ताईचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव प्रमाण मानू नका, त्या वर्षीची सूचना वाचा.

उपकेंद्रातलं काम

नियमाप्रमाणे सपाट भागात 5000 आणि डोंगरी भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. कागदावर 3000 हा आकडा लहान दिसतो. कोकणात तेवढी माणसं दहा-बारा वाड्यांत विखुरलेली असतात: एक वाडी खाडीकाठी, दुसरी सड्यावर, तिसरीला एसटी दिवसातून दोनदा. आरोग्य सेविकेचा, म्हणजे उपकेंद्रातल्या एएनएमचा, निम्मा दिवस चालण्यात जातो. गरोदर बायांची नोंदणी आणि तपासणी, बाळंतिणीच्या घरी भेटी, तापाचं सर्वेक्षण, वर रजिस्टर आणि मोबाइलवरच्या नोंदी. दोडामार्ग भागात 2016 पासून गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळल्यावर गोचिडींपासून कसं जपायचं हे काजूच्या बागेत जाऊन सांगण्याचं कामही तिच्याच वाट्याला आलं.

सगळ्यात नाजूक काम लसीकरणाचं. लस 2 ते 8 अंश तापमानात राहिली पाहिजे हे सगळ्यांना पाठ असतं, तरी बिघडते ती बहुतेकदा अति थंडीने. फ्रीजरमधला आईसपॅक काढून तसाच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये (लस नेण्याच्या थंड डब्यात) टाकला की त्याला टेकलेली पेंटाव्हॅलंट किंवा टीडी लस गोठते, आणि एकदा गोठलेली लस वितळली तरी निकामी. आईसपॅक बाहेर ठेवायचा, त्याला घाम सुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत. मगच कॅरिअर भरायचा. बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेला) या लसी मात्र द्रावण केल्यापासून चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. मूल उशिरा येणार म्हणून उघडलेली व्हायल (लसीची कुपी) जपून ठेवण्याची भीड इथे चालत नाही. वाडीवर तुमच्याबरोबर फार तर आशाताई असते, डॉक्टर फोनवर, आणि पावसाळ्यात फोनला रेंज असेलच असं नाही. एकटीने निर्णय घेणं ज्यांना जमतं त्यांना हे काम आवडतं. ज्यांना जमत नाही त्या बदलीच्या मागे लागतात.

वॉर्डातलं काम

जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) असतात. तीन पाळ्या, रात्रपाळी चुकत नाही. इथे वरिष्ठ सोबत असतात, पण रुग्ण जास्त आणि गंभीर. भात लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचे ताप येतात, आणि फुरसं हा विषारी साप चावलेला माणूस कधीही. त्याच्या बाबतीत, विषाने रक्त गोठणं बिघडलंय का हे पाहणारी 20 मिनिटांची चाचणी नर्सच्या हातात असते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली ताजं रक्त, 20 मिनिटं न हलवता, मग तिरकी करून गोठलंय का पाहायचं. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर उत्तर चुकतं आणि गरज नसताना सर्पविषविरोधी लस सुरू होते. ती सुरू असताना रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून ती आवरणारं अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून खाटेजवळच थांबावं लागतं. हे पुस्तकात एका पानाचं आहे, वॉर्डात मात्र त्याच वेळी आणखी वीस रुग्ण असतात.

पैसा आणि पुढची वाट

सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात आरोग्य सेविकेची वेतनश्रेणी 25500 ते 81100 आणि अधिपरिचारिकेची 35400 ते 112400. म्हणजे एका वर्षाच्या जादा शिक्षणाने मूळ वेतनात सुरुवातीलाच 9900 रुपयांचा फरक, आणि तो नोकरीभर वाढत जातो. मात्र हे कायम नोकरीचं. कंत्राटी नेमणुकीत आणि खासगी दवाखान्यांत पगार याहून बराच कमी असतो. आरोग्य सेविकेची बढती आरोग्य सहाय्यिकेपर्यंत जाते, अधिपरिचारिकेला परिसेविका (वॉर्डची प्रमुख) आणि पुढे अधिसेविका (मेट्रन) होता येतं.

आता जी गोष्ट फॉर्म भरताना कोणी सांगत नाही ती. "आधी एएनएम करू, मग दोन वर्षांत जीएनएम" असा शॉर्टकट नाही. एएनएम झालेल्यांना जीएनएमची पुन्हा पूर्ण तीन वर्षं करावी लागतात. जीएनएमनंतर मात्र दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते. परदेशाचा विचार मनात असेल तर एएनएमने सुरुवात करूच नये. घरची ओढाताण नसेल आणि इंग्रजीवर मेहनत करायची तयारी असेल तर आमचा कौल जीएनएमला. गावातलंच काम मनापासून हवं असेल, किंवा दोन वर्षांत कमाईला लागणं भाग असेल, तर एएनएम.

कॉलेज निवडताना

सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे "नर्सिंग असिस्टंट" कोर्स तालुक्याच्या गावी बोर्ड लावून चालतात. त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नाही तर जिल्हा परिषदेच्या भरतीत अर्जच बाद. फी भरण्याआधी संस्थेचं नाव परिषदेच्या यादीत स्वतः शोधा, भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका.

दुसरा प्रश्न विचारा: जोडलेल्या रुग्णालयात महिन्याला बाळंतपणं किती? त्याला विद्यार्थिनींच्या संख्येने भागा. महिन्याला वीस बाळंतपणं आणि मुली साठ असतील तर केस बुक (केलेल्या कामाची नोंदवही) भरेल, हात बसणार नाही.

हजेरी 80 टक्के लागते, थिअरीची आणि प्रात्यक्षिकाची वेगवेगळी, आणि प्रात्यक्षिकाचे राहिलेले तास भरून काढल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. गणपतीला पाच दिवसांची सुट्टी आणि वर गौरीसाठी दोन, पुन्हा शिमग्याला आठवडा, असा हिशोब केला की शेवटच्या वर्षी नेमका इंटर्नशिपच्या काळात तो अंगावर येतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

सावंतवाडी-बांदा बाजूच्या मुलींना गोवा मुंबईपेक्षा जवळ. तिथे नोकरी करायची तर गोव्याच्या परिषदेत नोंदणी करावी लागते, त्यासाठी आपल्या परिषदेचं ना-हरकत पत्र वेळेत मागवा. आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांनी नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणीची कागदपत्रं शिकत असतानाच काढून ठेवावीत. जाहिरात आल्यावर धावाधाव केली तर मुदत निघून जाते. आणि मिळालेल्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.