शासन निर्णयांचं संकेतस्थळ: कागद मिळतो, तो लागू आहे का ते कळत नाही

जीआर हवा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो सोडा आणि महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णय संकेतस्थळावर जा. शुल्क नाही, लॉगिन नाही, पीडीएफ थेट उतरते. कोठार म्हणून झकास, शोध मात्र जेमतेम.

खात्रीचा शोध संकेतांकाचाच. सहीच्या वरच्या परिच्छेदात १८ आकडे असतात. पहिले ८ म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचे २ विभागाचे. ०५ वित्त, ०७ सामान्य प्रशासन, २१ शालेय शिक्षण. मथळा शालेय शिक्षणाचा आणि शेवटी ०५, असा कागद हाती आला तर आधी तपासा, मग पुढे पाठवा.

संकेतांक नसेल तर विभाग आणि तारखा द्या, शीर्षकात एकच शब्द टाका. इथे शुद्धलेखन आडवं येतं: ‘निवृत्तिवेतन’ आणि ‘निवृत्तीवेतन’ दोन्ही लिहून शोधावं लागतं. जुने जीआर स्कॅन केलेले. त्यांच्या आतला मजकूर शोधात सापडत नाही.

खरी खोट पुढेच आहे. वित्त विभागाचा ३१ ऑक्टोबर २००५ चा जीआर उघडा. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्यांना अंशदान योजना (पेन्शनसाठी पगारातून वाटा कापला जातो ती), म्हणजे जुनी पेन्शन नाही, असा अर्थ निघतो. पण २ फेब्रुवारी २०२४ च्या जीआरने, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती त्यांना जुन्या योजनेचा एक वेळचा पर्याय दिला. पहिल्या कागदावर याचा मागमूसही नाही. असणार कसा? जीआरच्या सुरुवातीला ‘वाचा’ या शब्दाखाली संदर्भांची यादी असते, ती फक्त मागच्या कागदांची, पुढच्यांची नव्हे. म्हणून सुरुवात सगळ्यात ताज्या जीआरपासून करा आणि मागे या. ‘अधिक्रमित’ (म्हणजे जुन्याच्या जागी नवा), ‘अंशतः बदल’ हे शब्द हेरा. शुद्धिपत्रक आणि पूरकपत्र वेगळी नोंद म्हणून येतात, तीही बघा. जुन्या नोंदीसमोर ‘रद्द’ एवढा शिक्का मारला असता तर निम्मी वणवण वाचली असती.

परिपत्रक हातात देऊन ‘नियमच आहे’ असं कुणी म्हणालं, तर मूळ नियम मागा. संतराम शर्मा खटल्यात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की प्रशासकीय सूचनांनी वैधानिक नियम बदलता येत नाहीत. नियम गप्प असतील तिथली पोकळी भरता येते. विषय पैशाचा असेल तर वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आहे का, तेही पाहा.

अर्जात नुसता संकेतांक लिहू नका. विभाग, प्र.क्र. (प्रकरण क्रमांक) सह पूर्ण क्रमांक, दिनांक आणि परिच्छेद लिहा. नियमांच्या अधिसूचनांसाठी राजपत्र चाळायचं, त्याचं संकेतस्थळ वेगळं.