मोठा हौद सोडून 300 लिटरची टाकी बसवली, 8 महिने वापरून झाले

मोहोळ तालुक्यात आमचा गोठा आहे, तीन एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गायी आणि दोन पंढरपुरी म्हशी. आधी जनावरांच्या पाण्याला सिमेंटचा हौद होता 10 बाय 4 बाय 3 फुटाचा, म्हणजे साधारण 3400 लिटर, वडिलांच्या टायमाचा. लाईटचा भरवसा नाही म्हणून मोठा बांधलेला. पण भर उन्हाळ्यात पाच जनावरं मिळून दिवसाला 400 लिटर पितात, म्हणजे तेच पाणी आठ दिवस उन्हात पडून, शेवाळ धरणारच की. पंधरा दिवसाला उपसून खराट्यानं घासायचं, चुना मारायचा, कोरडा होऊ द्यायचा असं ठरलेलं असायचं पण एवढं पाणी सोडून द्यायला जीव होत नाही आणि महिना कधी जातो कळत नाही. गप्पी मासे पण सोडून बघितले, डासांच्या अळ्या गेल्या, शेवाळ तसंच.

फेब्रुवारीत 300 लिटरची प्लास्टिकची टाकी आणली बॉलकॉकवाली, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या गोळ्यानं पाणी आपोआप बंद होतं. पाणी दिवसात एकदा तरी पूर्ण पालटतं, त्यामुळं ताजं राहतं, आणि धुवायला दहा मिनिटं लागतात म्हणून चार दिवसाला धुणं होतं. धुतलेलं पाणी खालच्या घासाला (हिरव्या चाऱ्याला) जातं. पत्र्याच्या सावलीत ठेवलीय, आधी लिंबाखाली ठेवली होती तर पाला आणि पाखरांची घाण, नको ते. गव्हाणीपासून पण सात-आठ फूट लांब घेतली, जवळ असली की तोंडातला कडबा, पेंड सगळं पाण्यात पडून आंबतं, खालचा बुळबुळीत थर त्याचाच असतो.

आता तक्रारी. टाकीची तोटी तळापासून दोन बोटं वर दिलेली, गाळ निघणार कसा? ज्यानं बनवली त्यानं कधी हौद धुतला नसावा. शेवटी तळाला भोक पाडून दोन इंची निप्पल (आट्याचा पाइपचा तुकडा) आणि व्हॉल्व्ह बसवला, मग काम झालं. बॉलकॉक म्हशीनं आठवड्यात मोडला, आता त्या कोपऱ्यावर फरशी टाकलीय. आणि आमच्या बोरला क्षार लय, दोन महिन्यात बॉलकॉक अडकला आणि रात्रभर पाणी वाहून गोठ्यात चिखल. तेव्हापासून महिन्याला काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर भिजवतो, मोकळा होतो.

एक लक्षात घ्या, लाईट गेली तर 300 लिटर दिवसभर पण पुरत नाही. म्हणून वर 1000 लिटरची झाकणाची काळी टाकी ठेवलीय, तिथून उतारानं पाणी येतं. ही सोय नसेल तर मोठा हौद मोडायच्या भानगडीत पडू नका.

दूध वाढलं का विचाराल तर उन्हाळ्यात गायी पाण्यावर जास्त वेळा जातात एवढं नक्की, बाकी तेव्हाच पेंड पण बदलली होती त्यामुळं टाकीला श्रेय देत नाही. जुन्या हौदात आता कुट्टी (बारीक कापलेला चारा) भरून ठेवतो.