पाच रुपयांची ‘लखी’ घेतली आणि साडेबारा हजार गेले, एरर कॉइन ऑनलाइन घेणाऱ्यांनी वाचा

मी गोव्यातल्या फोंड्याचा. नाण्यांचा नाद मला आजीमुळे लागला. तिच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पोर्तुगीज वेळची चांदीची रुपिया आणि १९५८ सालचे एस्कुदो होते, गणेशचवथीला सगळे घरी जमले की ती डबा काढायची आणि आम्हा पोरांना एकेक नाणं हातात द्यायची. तेव्हापासून जमवतोय. म्हणजे नाणी मला नवीन नाहीत, पण एरर कॉइन, म्हणजे टांकसाळीत छापताना चूक झालेली नाणी, नवीन होती आणि तिथेच मी फसलो. दुसऱ्या कुणाचे असे पैसे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

जुलैमध्ये मोबाइलवर एक जाहिरात दिसली, ‘५ रुपये लखी एरर, शंभर टक्के ओरिजिनल’. लखी म्हणजे काय ते आधी सांगतो. टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते, ठसे आपटतात आणि नाणं तयार होऊन बाहेर पडतं. कधीतरी तयार झालेलं नाणं बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतं, मग पुढच्या चकतीला त्या बाजूने ठसा लागतच नाही, चिकटलेल्या नाण्याचाच छाप तिच्यावर बसतो. त्यामुळे एका बाजूला सिंह नेहमीसारखे उठावदार आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत खचलेले, आरशात दिसावेत तसे उलटे. इंग्रजीत याला ब्रॉकेज म्हणतात, आपल्याकडे नाण्यांच्या धंद्यात लखी. खरी लखी सहज मिळत नाही, म्हणून तिला भाव.

विकणाऱ्याने खचलेल्या सिंहांचा फोटो पाठवला, एकदम जवळून, लख्ख उजेडात. मी दुसऱ्या बाजूचा फोटो मागितला तर म्हणाला, ‘भाऊ, तिकडे नेहमीचेच सिंह आहेत, त्यात काय बघायचं?’ आणि मी ते ऐकून गप्प बसलो. सगळं चुकलं ते इथेच. मग त्याने नेहमीचं सुरू केलं, टांकसाळीतून रिटायर झालेल्या माणसाकडचं नाणं आहे, मुंबईचा एक गिऱ्हाईक मागे लागलाय, संध्याकाळपर्यंत सांगा. १८ हजारांवरून १२,५०० वर तुटलं. चवथीला घराला रंग काढायचा म्हणून बाजूला ठेवलेले पैसे होते, ते मी यूपीआयने पाठवून दिले. बायकोला नाणं आल्यावर सांगितलं.

पार्सल खरंच आलं, आत नाणं आणि लॅमिनेट केलेलं शिक्क्याचं एक सर्टिफिकेट. मी लगेच बाजारातल्या आमच्या सोनार शेटांच्या दुकानात जाऊन काट्यावर ठेवलं, ८.९६ ग्रॅम. जुनं जाड कप्रोनिकेलचं, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं, पाच रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचं आणि २३ मिलिमीटरचं असतं, थोडं वापरलेलं म्हटलं की एवढं भरणारच, म्हणून मी खूश होऊन घरी आलो. वजन बरोबर म्हणजे नाणं खरं, आणि नाणं खरं म्हणजे एररही खरा, असं मी धरून चाललो.

पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो. तिथे जुनी नाणी घेऊन बसणारे एक काका माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना मोठ्या हौसेने दाखवलं. त्यांनी खचलेली बाजू नुसती बघितली आणि नाणं उलटं केलं. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘बाबा, सिंहाची आयाळ बघ.’ बघितलं तर आयाळीचे केस नाहीतच, सगळं चेपून सपाट झालेलं आणि त्यावरून बारीक समांतर रेघा गेलेल्या. वाइसच्या, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या लोखंडी पकडीच्या, जबड्याच्या रेघा. नंतर त्यांनी खचलेली बाजू उजेडात तिरकी धरायला लावली, तर उलट्या सिंहाच्या खालून ५ च्या पोटाचा बाक आणि नक्षीतलं एक पान अंधूक दिसत होतं. खऱ्या लखीत तिथे ५ चा मागमूस असायलाच नको, कारण त्या बाजूला ५ चा ठसा कधी लागलेलाच नसतो. माझ्या नाण्यावर तो आधी व्यवस्थित लागला होता, नंतर कुणीतरी दुसरं नाणं त्यावर ठेवून दोन्ही वाइसमध्ये आवळली होती. मला एकदम पोटात गोळा आला, आणि काका बिचारे माझ्याकडे न बघता हळूच नाणं पाकिटात घालत होते.

वजन बरोबर भरलं ते यामुळेच. नाणं सरकारचंच होतं, खोटा होता तो एरर. असं नाणं चेपायला पाच मिनिटं लागत नाहीत.

काकांनी मग पिशवीतून एक वेगळी डबी काढली, त्यात त्यांनी खोटी नाणीच ठेवली आहेत. ‘तांब्यावर छापलेला’ एक रुपया होता, त्यांनी लोहचुंबक जवळ नेलं आणि तो टक्कन चिकटला. १९९२ पासूनचा रुपया स्टीलचा आहे, या नाण्यावर कुणीतरी फक्त तांब्याचा मुलामा चढवला होता. मधला गोल उलटा बसलेलं दहा रुपयांचं नाणं होतं, त्याच्या सांध्यावर ठोकल्याच्या खुणा होत्या. गोल आणि कडी एकाच ठोक्यात छापून एकमेकांत घट्ट बसतात, नंतर काढून परत बसवलं की सांधा ते दाखवतोच. आणि ‘मिंटमार्क मिसिंग’, म्हणजे टांकसाळीची खूण राहून गेलेली, म्हणून विकली जाणारी नाणी तर मला सगळ्यात जास्त चीड आणतात. मुंबईच्या नाण्यावर सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर ठिपका असतो आणि कोलकात्याच्या टांकसाळीची खूणच नसते. म्हणजे कोलकात्याचं साधं नाणं, जे कदंब बसच्या कंडक्टरकडे रोज सुट्टे म्हणून मिळतं, ते एरर सांगून दोन-दोन हजारांना खपवतात. माझ्या भाच्याने असं एक जवळजवळ घेतलंच होतं.

किमतीचंही तसंच. जाहिरातीत लिहिलेला आकडा हा विकणाऱ्याने मागितलेला आकडा, तेवढे कुणी दिले असं नाही. मी पाचसहा जाहिराती बघून ‘लखीचा रेट पंधरा-वीस हजार’ असं ठरवलं होतं, त्या सगळ्या कदाचित एकाच टोळीच्या असतील. नाण्यांचे रीतसर लिलाव करणारे लोक कुठला लॉट कितीला गेला ते जाहीर करतात, भाव बघायचा तर तिथे, आणि तोही तशाच प्रकारच्या, तेवढ्याच चांगल्या नाण्याचा. ठशाला बारीक तडा गेल्याची रेघ किंवा थोडा फिरलेला छाप यांना फारशी किंमत नसते. वैष्णोदेवीची २०१२ ची पाच आणि दहाची नाणी तर एररही नाहीत, ती चलनात भरपूर आली, तरी लाखाचे आकडे लावून विकायला असतात.

माझं प्रकरण तिथे थांबलं नाही. दोन दिवसांनी त्याच माणसाचा फोन, तुमच्या नाण्याला दोन लाखांचं गिऱ्हाईक आलंय, फक्त रिझर्व्ह बँकेत रजिस्ट्रेशनचे ४,९९९ भरा. तोवर काकांनी डोळे उघडले होते म्हणून वाचलो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि ती त्यासाठी कसलं कमिशन किंवा फी घेत नाही. मी पैसे परत मागितले, तर त्याने नंबर ब्लॉक केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे पाठवून तोवर अकरा दिवस झाले होते. त्या नंबरवर तासाभरात फोन गेला तर पैसे मध्येच अडवायची काही आशा असते. यूपीआयची पावती, चॅट, पार्सलचं वेष्टन सगळं जपून ठेवलंय, पैसे अजून आलेले नाहीत.

बायको एका शब्दाने रागावली नाही. घराला रंग यंदा राहिला, चवथीला आम्ही माटोळीमागची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात तिथली, भिंत तेवढी पुसून घेतली.

ते नाणं मी कुणाला विकणार नाही आणि फेकणारही नाही, काकांसारखीच वेगळी डबी केली आहे. लखी घ्यायच्या विचारात असलेल्या कुणाला ताडून बघायला फोटो पाहिजे असतील तर मागा, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे पाठवतो.